ह्यांना दिसावं म्हणून केलेला दिवा

“आज सगळी दिसतायत मला,” आमचे हे म्हणाले. “अगं, खरंच दिसतायत. एक इथे, दोन इथे, आणि मागे ते ताटलीसारखं.” काचेवर बोट टेकवून एकेक दाखवत होते आणि एकदाही बोट चुकत नव्हतं.

मी चहाचा कप घेऊन मागे उभी होते. माशांच्या टाकीतली सगळी मोठी कोरलं पांढरी पडली होती. गेल्या आठवड्यापर्यंत तपकिरी, हिरवट होती, एक जांभळं होतं. आता धुतलेल्या हाडांसारखी. पांढरी झाली म्हणूनच ह्यांना दिसत होती. कोरल पांढरं पडलं की ते मरायला लागलं, एवढं मला तोवर कळत होतं. आणि टाकीवरचा दिवा मी केला होता.

हे एका गोदामात स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर त्यांच्या एका सोबत्याने कायमचं गावी जाताना खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी ह्यांना दिली. तळाशी दगड, दगडांवर कोरलं आणि दोन केशरी मासे. मला ते थेर वाटले. घाटकोपरच्या आमच्या खोलीत दोन माणसांना वळायला जागा नाही, त्यात समुद्र आणून ठेवला. कोरल हा दगड नाही, जीव आहे, आणि तो उजेडावर जगतो, हे मला पटायला वर्ष गेलं. मी म्हणायचे, पोवळं अंगठीत घालतात, त्याची कुणी अशी सरबराई करत नाही. हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मीठ मोजून पाणी तयार करायला बसायचे.

मग काचबिंदू निघाला. उशिरा निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा. ह्यांचा पेपर सुटला. टीव्हीला नुसते कान लावून बसायचे. जिन्यात भेटलेल्या माणसाला तो बोलल्याशिवाय ओळखायचे नाहीत. टाकीपुढचं स्टूल तेवढं सुटलं नाही.

त्यात टाकीचा जुना दिवा गेला. कोरलसाठी दुकानात जो चांगला दिवा मिळतो, तो ह्यांच्या दोन-तीन महिन्यांच्या पेन्शनचा. स्वस्तातले, चिमट्याने काठाला अडकवायचे दिवे होते, पण एक हातात घेतला आणि ठेवून दिला. एलईडी बसवायची पट्टी पातळ, महिनाभरात तापून जळणार. मला त्यातलं कळतं. साकीनाक्याला एका गाळ्यात मी बावीस वर्षं दिवे जोडले, आधी ट्यूबचे, मग एलईडीचे. शाळा चौथीपर्यंतच, पण माझा सोल्डरचा जोड सुटला म्हणून कधी माल परत आला नाही. दुकानदाराला म्हटलं, तुमचा तुम्हाला राहू दे, मी बनवते.

तो म्हणाला, “आजी, हा लग्नाचा मांडव नाय. निळा जास्त ठेवा, पांढरा अगदी थोडा. वाढवायचा तर आठवड्याला थोडा थोडा. एकदम नको, कोरलांची वाट लागेल.”

जुन्या मालकाने ॲल्युमिनियमची पट्टी आणि एलईडी त्याच्या खरेदीच्या भावात दिले. गाळ्यातल्या माझ्याच जुन्या जागेवर बसून दोन दुपारी दिवा केला. दुकानदाराने सांगितला तसाच. निळे भरपूर, पांढरे चार. टाकीवर लावला आणि दोन-तीन दिवसांत कोरलं फुलली. शेजारीण येऊन बघून गेली, झकास म्हणाली.

ह्यांना विचारलं, कसा आहे? म्हणाले, चांगला आहे. पण तोंड टाकीच्या बाजूच्या भिंतीकडे होतं. निळा उजेड म्हणजे त्यांच्या डोळ्यांना अंधारच. दुसऱ्या दिवशी माशांचं खाणं त्यांनी काचेच्या बाहेर टाकलं. तिसऱ्या दिवशी स्टुलावर बसलेच नाहीत. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आठवडा तसाच गेला. जेवायला हाताला धरून उठवायचं, दोन घास झाले की पुन्हा आडवे.

मी दिवा उतरवला आणि पिशवीत घालून परत साकीनाक्याला नेला. निम्मे निळे काढून पांढरे बसवले, वर आणखी एक पट्टी जोडली. गाळ्यात आम्ही असंच करायचो. उजेड जास्त झाला म्हणून कुणी दिवा परत आणत नाही, कमी पडला की आणतात. म्हणून शंका आली की दोन एलईडी जास्त लावायचे. झालेला दिवा जुन्या एक्सरेच्या फिल्ममधून बघायचा, एकही ठिपका मंद दिसता कामा नये. मी तसाच बघितला. एकही मंद नव्हता. दुकानदाराचं बोलणं मला आठवत होतं. विसरले असं मी म्हणणार नाही. चार दिवसांत काय होतंय, असं स्वतःला सांगितलं आणि दिवा पूर्ण उजेडावर लावला.

चौथ्याच सकाळी हे काचेवर बोट ठेवून कोरलं दाखवत होते. आदल्या रात्री पोटभर जेवले होते.

गप्प राहता आलं असतं. ती पांढरी आणखी थोडे दिवस दिसली असती, आणि ह्यांना सांगणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. मी कप खाली ठेवला.

“ती पांढरी पडलीत,” मी म्हटलं. “म्हणून दिसतायत तुम्हाला. मरतायत ती.”

बोट काचेवर तसंच राहिलं. त्यांनी विचारलं, “दिवा बदललास तेव्हा ठाऊक होतं?”

“दुकानदाराने सांगितलं होतं.”

“म्हणजे ठाऊक होतं.”

“होतं.”

“मग कशाला केलंस?”

“तुम्ही जेवत नव्हतात.”

त्यांनी काचेवरचं बोट काढलं आणि लेंग्याला पुसलं.

“कमी कर.”

“मग तुम्हाला दिसणार नाही.”

“कमी कर म्हटलं ना.”

मी वरची पट्टी काढली. उरलेल्या पांढऱ्या एलईडींवर कागद चिकटवला, दिवा दिवसातून चारच तास ठेवला. हे स्टुलावर बसून मला विचारायचे, काय दिसतंय. मला गोड करून सांगता येत नाही. ताटलीसारखं होतं त्यावर हिरवं शेवाळ धरलंय, असं सांगितलं. नीट बघ म्हणाले. नीटच बघितलंय म्हटलं. जांभळं कोरल सुटून खाली पडलं आणि पाण्याला वास यायला लागला, तेव्हा ते चमच्याने बाहेर काढलं. कुठे टाकलंस, विचारलं त्यांनी. कचऱ्यात, म्हटलं. त्या दिवशी पुन्हा जेवले नाहीत.

आता दोन महिने झाले. त्यानंतर दिव्यावरून ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मोठी कोरलं सगळी गेली. मासे दोन्ही जगले. मागच्या दगडाच्या सावलीत शर्टाच्या बटणाएवढी तपकिरी कोरलं होती, त्यांतली पाच जगली. ती ह्यांना दिसत नाहीत.