तुजी पळी आवर!

हेमू गेल्याचा तिच्या सुनेचा, वैशालीचा, फोन आला तेव्हा मी मागच्या दारी बोंबील साफ करत होते. ऐकलं आणि हातातला बोंबील तसाच धरून बसले… रडू आलं नाही. आली ती लाज. अजून तीच येते, म्हणून लिहितेय.

आम्ही दोघी चिंचणीच्या, एका आळीतल्या. लग्न होऊन ती बोईसरला गेली, मी इथेच राहिले. पण बाजाराचं निमित्त काढून ती माझ्याकडे जेवायला यायचीच. आणि आमच्यात जेवणाऱ्याने नको म्हटलं की वाढणारीने आणखी वाढायचं, ही रीतच. गेल्या वर्षी हेमू नातीकडून एक इंग्रजी वाक्य शिकून आली. दोन घास झाले की पानावर हात आडवा धरायची, "आय ॲम स्टफ्ड टू द गिल्स!" गिल्स म्हणजे माशाचे कल्ले. जेवण पोटात मावेना, पार कल्ल्यापर्यंत आलं, असा अर्थ. हे घरच्या माणसांत थट्टेनं बोलायचं, परक्यांकडे नाही, असं नातीनं बजावलेलं.

"कल्ल्यात भात शिरला तर मासा मरंल गो!" मी म्हणायचे.

"मरूंदे. तू तुजी पळी आवर!"

उरलेलं मग डब्यात भरून न्यायची. आधी मी हसले, पुढे राग यायला लागला. भाकरी अर्धी, कालवण तसंच, आणि वर इंग्रजी! एकदा बोलून गेले, "बोईसरची मडम झालीस. आमचं आता तुज्या घशाखाली उतरत नाय." ती नुसती हसली. त्या दिवशी मी डबा भरलाच नाही. नंतर ती आली नाही, मीही फोन केला नाही…

बाराव्याला वैशालीने सांगितलं, घशात गाठ होती. गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. हेमूला मात्र हे मला कळू द्यायचं नव्हतं, "ती माज्यासाठी रांधायचं सोडंल," म्हणून. माझा डबा घरी नेला की भाकरी कालवणात कुस्करून तासभर खात बसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. "शेवटी आई विचारायच्या हो, मावशी, चिंचणीचा डबा आला का…" वैशाली सहज बोलली. मान वर करवेना मला.

परवा जेवताना माझी सून "नको आई" म्हणाली. उचललेली पळी तशीच थांबली.

"घसा दुखतो का गं?"

"नाही हो, पोट भरलं!" ती हसली.

माझा विश्वास बसेना. तिला माझ्यासमोर घोटभर पाणी प्यायला लावलं, ते खाली उतरेपर्यंत गळ्याकडे बघत राहिले. मग पळी ठेवली.