घंटीवर चालणारं हॉटेल

मुलांनो, तुमच्या गावात इडली गोठवलेल्या पाकिटात मिळते हे परवा फोनवर ऐकलं आणि माझ्या कानात खामगावातली एक घंटी वाजली. ती हकिगत क्रमानं सांगते. क्रम सोडून मला सांगता येत नाही, हवं तर तुमच्या आईला विचारा.

माझं लहानपण त्रिचनापल्लीच्या रेल्वे कॉलनीत गेलं. शाळा इंग्रजी, घर मराठी आणि शेजार तमिळ. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक आजी राहायची. सगळे तिला पाटी म्हणत, म्हणजे आजीच. ती दिवसभर नातवंडांवर ओरडायची आणि त्या नातवंडांत तिनं मलाही धरलं होतं. त्यामुळे माझी तमिळ ही ओरडणाऱ्या आजीची तमिळ. मोठ्या माणसांशी अदबीनं कसं बोलायचं ते मी कधी शिकलेच नाही.

लग्न होऊन खामगावात आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. तुमचे आजोबा शाळेत शिकवत. बाजाराच्या रस्त्यावर दोन मद्रासी भावांचं छोटं हॉटेल होतं. धाकटा गल्ल्यावर बसायचा आणि वाढायचाही, मोठा आत भट्टीपाशी. गाव दोघांनाही अण्णाच म्हणायचं, एक मोठे अण्णा, एक छोटे अण्णा. गल्ल्यावर हेडमास्तरांच्या टेबलावर असते तशी पितळी घंटी होती. एक टोला म्हणजे इडली, दोन टोले दोसा, तीन टोले वडा. टोले पडले की आतल्या खिडकीत ताटली यायची. शब्द एक नाही. गावाला त्याचं भारी कौतुक.

"शिस्त म्हंतेत ते हे पहा," आमच्या शेजारचे वकील सांगायचे. "आपल्या इकडं त चहा सांगाले बी घसा फाडा लागते."

मला शिस्तीचं वेड, त्यामुळे ते हॉटेल पाहण्याआधीच आवडलं.

त्या पावसाळ्यात तुमच्या पणजीबाई तापातून उठल्या. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं. "आता या वयात मी हाटेलातलं खाऊ काय?" असं म्हणत त्यांनी पहिली इडली खाल्ली. मग म्हणाल्या, "हवेसारखी हाय व माय. उद्या दोन जास्त आणजो."

तेव्हापासून रोज दुपारी डबा घेऊन जाणं माझ्याकडे आलं. त्या वेळी गिऱ्हाईक नसायचं. बायकांसाठी पडदा लावलेला एक कोपरा होता, आतल्या खिडकीला लागून. मी तिथे बसायची. समोर धाकटा उद्याच्या इडलीसाठी तांदूळ आणि उडीद भिजत घालत असायचा. संध्याकाळी मोठा ते दगडी रगड्यावर वाटायचा.

पहिल्या दिवशी मी मराठीतच बोलणार होते. पण फोडणीत कढीपत्ता पडला, तो वास आला आणि माझ्या तोंडून तमिळमध्ये पाटीच बोलली, "काय रे, इडली सकाळची उरलेली नाही ना? खरं सांग!"

धाकट्याचा हात घंटीवर तसाच राहिला. खिडकीत मोठ्याचा चेहरा आला.

"अम्मा, तुम्ही कुठल्या?" दोघांनी एकदमच विचारलं. एकमेकांकडे न बघता.

मी त्रिचनापल्ली सांगितलं. त्यांचं गाव तिथून फार लांब नव्हतं. धाकटा थोडा वेळ बोटांनी गल्ल्याची कड चाचपत राहिला. मग म्हणाला, "अम्मा, आतल्या माणसाला विचारा, नारळ संपलेत का."

मला वाटलं, मोठ्याला कमी ऐकू येत असेल. मी वळून विचारलं.

"बाहेरच्या माणसाला सांगा, कालच संपले. त्याला डोळे नाहीत का?"

"आतल्या माणसाला सांगा, डोळे गल्ल्यावर असतात, कोठीत नाही."

"बाहेरच्याला सांगा, गल्ल्याला पाय नाहीत, उठलं तर तो पळून जात नाही."

डबा हातात धरून मी इकडून तिकडे वळत होते. दोघांत जेमतेम चार हातांचं अंतर. एकाचा शब्द न् शब्द दुसऱ्याला ऐकू येत होता. तरी मी तेच पुन्हा म्हणेपर्यंत दुसरा थांबायचा, आणि मगच उत्तर द्यायचा. तेव्हा कुठे मला त्या घंटीचा अर्थ कळला.

अबोला आपल्याकडेही असतो. रुसलेल्या जावा एखाद्या पोराकरवी निरोप देतात, पण घर चालू राहतं. या दोघांना मराठी गल्ल्यापुरतीच यायची आणि त्यांच्या मध्ये बोलायला खामगावात तमिळ कळणारं माणूसच नव्हतं. म्हणून घंटी. अण्णा म्हणजे तमिळमध्ये थोरला भाऊ. ज्या माणसाला सगळं गाव अण्णा म्हणत होतं, त्याला तेवढा त्याचा सख्खा भाऊ अण्णा म्हणत नव्हता.

कारण मला हळूहळू, दोन्ही बाजूंनी कळलं. आदल्या वर्षी ऐन कापसाच्या हंगामात आई आजारी असल्याचा निरोप आला. बाजार भरलेला, हॉटेल बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. तू जा, नाही तू जा, असं करता करता मोठ्या गाडीला जोडून देणारी जलंबची गाडी निघून गेली. पुढचा निरोप आला तो आई गेल्याचा. प्रत्येकाच्या मते गाडी दुसऱ्यामुळे चुकली होती.

आता वर्षश्राद्ध यायचं होतं. विधी मोठ्यानं करायचा आणि धाकट्यानं शेजारी बसायचं, अशी त्यांची रीत. दोघांनी वेगवेगळं केलं की भाऊ वेगळे झाले असं गावाकडे समजत. मग हॉटेलही एक राहिलं नसतं. दोघांनाही हे ठाऊक होतं, आणि आधी कोणी बोलायचं तेवढं ठरत नव्हतं.

तोवर माझ्यामार्फत नारळ, मिरच्या, सरपण यांचीच देवाणघेवाण चालली होती. मग एक दिवस, "विचारा, खोकला गेला का?" दुसऱ्या दिवशी आतून, "सांगा, गेला. आणि विचारा, तो दुपारी जेवत का नाही?" पाटीच्या अंगणात उचललेले माझे ते रांगडे शब्द मी एकाकडून दुसऱ्याकडे नेत होते आणि दोन मोठी माणसं श्वास धरून ते ऐकत होती. मला माझ्याच जिभेचं भय वाटायला लागलं.

"तुले मद्रासी येते अन् आम्हाले सांगतलंही नाही?" कुठूनसं कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या. "काय बोलता व तुम्ही तिथं येवढं?"

"नारळाचं."

"रोज नारळाचंच?"

कापसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या. गावभर सरकीचा वास पसरला. त्या दुपारी मी गेले तेव्हा धाकटा तांदळाचं माप हातात घेऊन उभा होता, पातेल्यात ओतत नव्हता.

"अम्मा, आतल्या माणसाला सांगा," तो म्हणाला, "आईची तिथी आली. हंगाम आहे, ठाऊक आहे. पण मी एकटा जाणार नाही. आणि त्यालाही एकट्याला जाऊ देणार नाही."

मी खिडकीकडे वळले. मोठा पाठमोरा उभा होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं पिठानं भरलेला हात वर करून मला थांबवलं. वळला, आणि माझ्या डोक्यावरून सरळ भावाकडे बघून म्हणाला,

"आज तांदूळ भिजत घालू नकोस."

धाकट्यानं माप तिरपं केलं. तांदूळ परत पत्र्याच्या डब्यात पडल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. इतक्या जवळून असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी हळूच डबा उचलला आणि रिकामाच घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. ऐन बाजारात लोक येऊन परत जात होते. "काऊन बंद हाय बे?" "कोणाले मालूम!" मी तिथूनच भाजी घेऊन येत होते. मला ठाऊक होतं.

ते परतल्यावर मी सकाळच्या गर्दीतच गेले तर घंटी गल्ल्यावरून उचलून फळीवर ठेवलेली.

"अण्णा, तीन दोसे!" धाकटा ओरडला.

"एकदा सांग, मी बहिरा नाही!" आतून आवाज आला.

"झालं," वकीलसाहेब ताटली सरकवत म्हणाले. "हेही बिघडले. आपल्यावानीच वरडून राह्यले."

मला त्या दिवशी कोणीच काही विचारायला किंवा सांगायला सांगितलं नाही. डबा भरून समोर आला होता. तरी मी पडद्याआड बराच वेळ तो आरडाओरडा ऐकत बसून राहिले.