साळव्यांची धुराची पेटी

शमुवेल साळवे कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरातून निघणारा धूर बघत आणि मग माणसांना नमस्कार करत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा उंबऱ्यातूनच माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, चूल गुदमरायलीय. मागचं लाकूड जरा वढा." तिला राग आला. पण लाकूड ओढल्यावर धूर खरंच कमी झाला, आणि पुढे ती त्यांना चहाबरोबर न विचारता लाडू देऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत राहात्याकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे होतो. मी उसाचा रस तपासायचो, ते बॉयलरचा धूर. साळवे मूळचे तिसगावचे, ख्रिस्ती, अंगाने आडवे आणि आवाजाने त्याहून आडवे. हातात कायम एक लाकडी पेटी, आत काचेच्या नळ्या. कोणी नुसतं विचारायचा अवकाश, लगेच पेटी उघडत.

"हे बघा, धुराड्यातनं शंभर मापं धूर ह्या नळीत घ्यायचा. ही पाण्याची बाटली वर उचलली की पाणी त्या धुराला शेजारच्या काचेच्या फुग्यात ढकलतं. तिथं कॉस्टिक सोड्याचं पाणी हाय. ते जळणातनं झालेला वायू तेवढा गिळतं. बाटली खाली आणली की उरलेला धूर माघारी येतो. जेवढा कमी आला, तेवढा गिळला. पुढच्या फुग्यातलं काळं पाणी प्राणवायू गिळतं. पहिल्यानं लई गिळलं तर जळण झकास. दुसऱ्यानं लई गिळलं, तर आपण फुकट हवा तापवून आभाळात सोडतोय."

बाटली वर-खाली करताना ते भजन म्हणत. कडवं संपल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, हा त्यांचा नेम होता. "गिळायला येळ तर द्या त्याला!" म्हणत.

एका हंगामात रोज दुपारी दोन नंबरच्या बॉयलरच्या वाफेचा दाब पडू लागला. इंजिनियरसाहेबांनी ठरवून टाकलं, की फायरमन रंगनाथ जेवून डुलक्या काढतो आणि भट्टीत उसाची चिपाडं वेळेवर टाकत नाही. शनिवारी त्याला कामावरून काढायचं ठरलं. रंगनाथ अबोल माणूस. "मी झोपत न्हाई," एवढंच म्हणाला, आणि ते कोणी ऐकलं नाही.

साळवे मात्र पेटी घेऊन गेले. सकाळचा धूर उत्तम निघाला. दुपारी प्राणवायू भलताच वाढला. साहेब म्हणाले, "म्हणजे चिपाडं कमी पडतात. झालं सिद्ध!"

"न्हाई साहेब. मी सारा येळ त्याच्या शेजारी हुतो. त्याचा हात थांबला न्हाई. हवा दुसरीकडनं घुसतीय."

मेणबत्ती पेटवून ते बॉयलरभोवती फिरू लागले. साहेब मागे, मी त्यांच्या मागे. मागच्या बाजूला राख काढायच्या दारापाशी ज्योत एकदम आत ओढली गेली. दाराच्या फटीत विटेचा तुकडा होता. दार उघडलं, तर गरम राखेत वांगी ओळीने भाजत पडलेली!

साळव्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. राखेतल्या भरताची टूम कारखान्यात त्यांनीच काढली होती. दुपारी सगळं बॉयलरघर त्या भरतावर भाकरी खायचं. वांगी परतायला सोपं जावं म्हणून राख काढणाऱ्या गड्याने वीट घालून दार किलकिलं ठेवलं होतं. तो तिथेच उभा होता, पांढराफटक. साहेबांनी गरजून विचारलं, "कोणाची ही वांगी?"

"माझी," साळवे म्हणाले. "टूम माझी, वांगी माझी. रंगनाथचा काय बी संबंध न्हाई. काढायचं तर मला काढा."

साहेबांनी वाकून राखेत पाहिलं, आणि त्या कडक माणसाला हसू आवरेना. वीट काढली, दार लावलं. थोड्याच वेळात वाफेचा काटा वर चढला आणि साहेबांनी रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवून सर्वांसमक्ष माफी मागितली.

साहेब गेल्यावर मी साळव्यांना म्हणालो, "अहो, गप्प बसला असतात तर?"

"दुसऱ्याचा धूर रोज तपासतो मी. आज आपलाच निघाला, तर काय खिडकीतनं भाईर बघू?"

तेवढ्यात रंगनाथ आला. त्याने साळव्यांना घट्ट मिठी मारली. साळव्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर दोन काळे पंजे उमटले.

रविवारी उपासनेला ते तोच शर्ट घालून पहिल्या ओळीत गायला उभे राहिले. मागून त्यांची बायको कुजबुजली, "अवो, पाठ काळी हाय तुमची!"

"ठाव हाय," ते मागे न वळता म्हणाले आणि आणखी ताठ उभे राहून गाऊ लागले.