साध्या पाण्याची गाडी

लेहची थंडी अशी, की बशीतला चहा ओठाला लागेतो त्याची कुल्फी व्हायची. आमचे ड्रायव्हर महादूअण्णा सोलापूरचे, आम्हाला स्वतःच्या गाडीनं इथवर घेऊन आलेले. रेडिएटरमध्ये गोठणार नाही असं कूलंट घाला म्हटलं, तर म्हणाले, "साध्या पाण्यावर वाढलीय ती. उन्हाळ्यात मेली नाही, थंडीत कशाला मरतेय?"

सकाळी बॉनेट उघडलं. पाण्याचा बर्फ फुगून इंजिनला उभी चीर गेली होती. मेकॅनिकनं चीर पाहिली आणि हत्यारं परत पिशवीत भरली. अण्णांचं पोट याच एका गाडीवर.

ज्या पाण्यानं सोलापुरात जगवलं, त्यानंच इथं आतून फोडलं. मुलूख बदलला की मायेचंही असंच होत असेल का?

अण्णा चिरेवर तळहात ठेवून विचारत होते, "रात्री हाक का नाही मारलीस गं?"