थावरियाच्या दगडावरचा पंचा

देवासात शंतनूसारखा बोअरवाला झाला नाही, कोणालाही विचारा. सत्त्याण्णव साली धारकडे, मनावर गावाच्या पुढे, भिलांच्या एका वस्तीवर त्याला हँडपंपाचं काम मिळालं.

आंघोळीशिवाय मशीनला हात लावायचा नाही, ही शिस्त त्याला थोरल्या भावाने लावलेली. नाल्यावर दोन तांबे अंगावर घेऊन शंतनूने ओला पंचा शेताकडेच्या उभ्या दगडावर वाळत टाकला.

बघता बघता वीस माणसं जमली. हातात तीरकामठे. सगळ्यांची नजर दगडावरच्या पंच्यावर.

ड्रायव्हर दत्ताजी जीपमध्ये चढलासुद्धा. "शंतनू भिया, बैठ जल्दी! दगडच तर आहे!"

पळता येत होतं. पण पळालो तर इथे पुन्हा मशीन येणार नाही, बाया उन्हाळाभर दोन कोस घागरी वाहणार, हे शंतनूला ठाऊक होतं. त्याने घाईने पंचा उचलला. खाली झिजलेली नक्षी: घोडा, त्यावर माणूस.

घरी देवघरात टाक आहेत, गेलेल्या माणसांचे चांदीचे पत्रे. नलिनीआत्या त्यांना रोज न्हाऊ घालते. त्यांच्यावर कोणी ओला पंचा टाकला असता, तर आत्याने त्याला उभा सोडला असता?

शंतनूने हात जोडले. "ये कौन हैं? इनका नाम?"

पुढे उभा असलेला म्हातारा नानसिंग त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हारो भाई. थावरियो. ताड़ से गिरी ने मरी ग्यो."

"गलती हुई, काका. हमारे घर में भी बैठते हैं, चाँदी में. क्या करूँ?"

नानसिंगने मोहाची दारू मागवली. "थारा हाथ से."

सात पिढ्यांत घरात कोणी दारूला शिवलं नव्हतं. "आईला कळलं तर?" दत्ताजी कुजबुजला. शंतनूने द्रोण घेतला, दगडापाशी धार सोडली, उरलेला घोट स्वतः घेतला. घसा जळाला.

नानसिंगचा कामठा खाली आला. "अब खोद."

तीस पावलं लांब खोदलं. दोनशे दहा फुटांवर पाणी! पहिली बादली नानसिंगने थावरियावर ओतली, शंतनूच्याच पंच्याने त्याला पुसलं आणि पंचा तिथेच बांधून ठेवला.

घरी शंतनूने दारूसकट सगळं सांगितलं. आई तोंड फिरवून बसली. आत्या मात्र टाक पुसता पुसता थांबली.

"नाव काय म्हणालास त्यांचं?"