मस्कतमामांचे पांढरे पट्टे

माझ्या मामांना हॉर्न वाजवताना मी कधीच ऐकले नाही. बोईसर-तारापूर रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल असे सांगितले, की ऐकणारा आधी माझ्याकडेच संशयाने बघतो. पण खरेच सांगते. पुढे केमिकलचा टँकर आडवा लागलेला असो, नाहीतर शेअर रिक्षावाला भर रस्त्यात थांबून माणसे भरत असो, मामा स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसायचे. मागून नुसता गोंगाट उठायचा. "हॉर्न मारून टँकर उडनार हाय का?" एवढेच ते म्हणायचे.

मामा आमच्या समुद्राकाठच्या गावचे, होडीवर वाढलेले. तरुणपणी मस्कतला गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथे एका कंपनीची गाडी चालवत राहिले, म्हणून सगळ्या गावाचे ते मस्कतमामा. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने जाते. ती सवय हाडात मुरलेली. परत आल्यावर कितीतरी दिवस ते गाडी चालवायला म्हणून डावीकडचे दार उघडत आणि तिथे मामी आधीच बसलेली असे. "या, बसा माज्या मांडीवर," मामी म्हणायची, आणि तेही भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

लायसन्स हा त्यांचा आवडता विषय. मस्कतला परीक्षेत पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायला लावायचे. पिंपाला गाडी नुसती घासली तरी नापास. मामा इतक्या वेळा नापास झाले, की शेवटी परीक्षा घेणारा पोलीस त्यांना नावाने हाक मारू लागला. "आनि तुज्या भावानं लायसन कसं काडलं?" ते मला विचारायचे. भावाने एजंट गाठला, मैदानात एक चक्कर मारली आणि घरी आला, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी दर सुट्टीत विचारायचे आणि भाऊ जेवणाचे ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा.

आपल्याकडे चौकात सरळ जायचे असले की लोक गाडीचे चारही दिवे लुकलुकवतात. मामांना हे कोणी पटवू शकले नाही. "चार दिवे म्हंजे गाडी बंद पडली. सरळ जायला कसले दिवे? सरळ जा!" हायवेवर ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो. कधी तो खरोखर उजवीकडे वळणार असतो, आणि कधी त्याला म्हणायचे असते, की ये, मला ओलांडून पुढे जा. यातले काय ते मागच्याने ओळखायचे आणि चुकला तर मरायचे. आपण हे सगळे वर हसत हसत सांगतो, जसे काही आपण फार हुशार. मामांना यात हसण्यासारखे काही दिसत नसे, आणि आता मलाही दिसत नाही.

मस्कत म्हणजे स्वर्ग, असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत. तिथेही वाळवंटातल्या मोकळ्या रस्त्यावर पोरे बेफाम गाडी हाकतात, मधेच उंट येतो आणि गाडीचा चुराडा होतो, हे तेच सांगत. पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. "मानसानं पांढऱ्या पट्ट्यावर पाय ठेवला का गाडी थांबते. शेटची असू दे नाय तं पोलिसाची. थांबतेच." असे पट्टे आणि असे थांबणे बोईसरमध्ये निदान एका जागी तरी व्हावे, हा त्यांचा ध्यास होता.

ती जागा त्यांनी ठरवलेली होती. बाजाराच्या तोंडाशी, जिथे यमुनाबाय सुके बोंबील घेऊन बसायची. ती आमच्याच गावची, मामांपेक्षा वयाने मोठी. पाटी डोक्यावर घेऊन ती रस्ता ओलांडायला कडेला ताटकळत उभी राही. एमआयडीसीची पाळी सुटली, की सालवडकडून येणाऱ्या मोटारसायकलींची रांग संपायचीच नाही. तिथले पट्टे कधीच पुसून गेले होते. मामांनी सरपंचाला सांगितले, पोलीस चौकीत सांगितले. सगळे "हो काका" म्हणाले.

आमच्याकडे नारळी पुनवेआधी होड्या रंगवतात. त्या वर्षी आपल्या भावाची होडी रंगवून झाल्यावर मामांनी उरलेला पांढरा रंग डिकीत टाकला आणि रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, मामीला वाहने अडवायला उभी करून, सगळे पट्टे स्वतः रंगवले. होडीचा रंग तो, असा चकाकत होता की येणारे-जाणारे थांबून बघत. मामांनी यमुनाबायला बजावून सांगितले, "आता हितूनच जायाचं. गाडी थांबली का निगायचं. घाबरायचं नाय."

पुढच्याच आठवड्यात मामा तिथे थांबले. मी शेजारी बसले होते. यमुनाबाय आमच्या डाव्या हाताला उभी होती. मामांनी काचेतून हात हलवला, "चल बाय, नीग." ती निघाली. पट्ट्यांवरूनच, अगदी सांगितल्यासारखी. आमच्या मागचा मोटारसायकलवाला, ही गाडी उगाच का थांबली म्हणून वैतागून, उजवीकडून सुसाट पुढे आला. आमच्या गाडीआडून यमुनाबाय बाहेर पडली आणि तो आला, हे एकदमच घडले. बोंबील रस्ताभर पसरले.

त्यानंतर जे झाले ते आठवले की आजही माझे डोके फिरते. तो पोरगा उठून उभा राहिला आणि मामांच्या अंगावर धावून आला, "अंकल, आपने बीच रोड में गाडी रोकी क्यों?" गर्दीतले चारपाच जण त्याच्या बाजूने बोलू लागले. शेवटी पोलीस आला. त्याने पट्ट्यांकडे पाहिलेही नाही. "काका, चालत्या रस्त्यात असं मधेच थांबायचं नसतं. मागच्यांनी काय करायचं?" तो म्हणाला. मी ओरडून ओरडून सांगत होते, की चूक थांबणाऱ्याची नाही. मामा खाली बसून यमुनाबायचे डोके मांडीवर घेऊन होते.

यमुनाबाय वाचली, पण खुब्याचे हाड मोडले आणि तिचा बाजार कायमचा सुटला. आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा तिने खाटेवरूनच सुनेकडून मामांसाठी चहा करवून घेतला, बिस्किटे आणवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू थांबला म्हनून मी निगाली रं. नाय तं मी काय येडी हाय, एवड्या गाड्यांत शिरायला?" तिच्या मनात राग नव्हता. तो असता तर मामांना सोपे गेले असते. घरी आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली मामीच्या हातात दिली आणि म्हणाले, "इक." मामीने गाडी विकून टाकली.

मामांची मुलगी मस्कतला नर्स आहे. मामी गेल्यावर तिने मामांना आपल्याकडे नेले. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. संध्याकाळी आम्ही दोघे समुद्राकडे फिरायला निघालो. वाटेत एक रस्ता आडवा आला, त्यावर स्वच्छ पांढरे पट्टे. आम्ही कडेला पोचलो आणि डावीकडून येणारी मोठी गाडी थांबली. मी मामांकडे पाहिले. ज्या रस्त्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले, ते रस्ते ते आता मला दाखवणार असे मला वाटले.

मामा हलले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि त्या गाडीवाल्याला खुणावले, की तू जा. तो हसला आणि त्यानेही हाताने खुणावले, की तुम्ही चला. मामांनी पुन्हा हात हलवला. "जा बाबा, तू जा," ते मराठीतच म्हणत होते. गाडी जाईना आणि मामा निघेनात. शेवटी मी त्यांचा हात धरून चालू लागले. रस्ता संपेपर्यंत मामा त्या थांबलेल्या गाडीच्या मागून कोणी येते का ते बघत होते.