आईच्या म्हणी, सायलीची गाणी

कुडाळच्या एस.टी. स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल. माझा नवरा अनिल आधीच कतारला, दुखानच्या तेलक्षेत्रावर रुजू झाला होता आणि मी सहा वर्षांच्या सायलीला घेऊन त्याच्याकडे निघाले होते. आई सोडायला आली होती. तिने खिडकीतून हात आत घालून सायलीच्या गालाला लावला आणि एक म्हण सुरू केली. लेकी लांब जायला निघाल्या की आमच्याकडच्या बायका म्हणतात ती, जरा खवचट. मला रडू येत होतं. पण सायलीने ती म्हण पुरी केली. आजीच्याच ठेक्यात, डोळे बारीक करून, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"ह्या म्हाताऱ्या चेडवाक खंय नेतास?" त्याने सायलीकडे बघत विचारलं, आणि आजूबाजूची माणसं हसली. आईही हसली. मग गाडी सुटली.

आई कुठलीच गोष्ट सरळ सांगायची नाही. भात करपला, कुणी उसनं नेलेलं परत केलं नाही, पाहुणा नको तेव्हा आला, सगळ्याला तिच्याकडे म्हण होती. त्यांत फणस असायचे, म्हशी असायच्या, आळशी सुना आणि त्यांच्याहून आळशी सासवा असायच्या. काही अशा, की चारचौघांत सांगता येणार नाहीत. ती कधी समजावून सांगत बसली नाही. ज्याला कळलं त्याला कळलं. सायलीला कळायचं, कारण मी प्राथमिक शाळेत शिकवायला गेले की दिवसभर ती आजीच्या पायात असायची. त्या म्हणी मी इथे लिहीत नाही. एकदा लिहून पाहिल्या होत्या, पण आईच्या तोंडाशिवाय त्या माझ्याच्याने वाचवेनात.

दुखानला कंपनीची वसाहत होती. एकसारखी घरं, एकसारखी कुंपणं, पलीकडे वाळू, त्यापलीकडे समुद्र. खिडक्या बंद आणि एसीची घरघर. पहिले काही दिवस मला वाटायचं की माझ्या कानांना काहीतरी झालंय. घरात आम्ही तिघं मराठी बोलायचो, पण अनिल नाशिकचा. मालवणी त्याला गमतीपुरती कळते. आईची भाषा बोलणाऱ्या त्या घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि सायली.

शाळा इंग्रजी. वर्गात इंग्लंडची, इजिप्तची, सुदानची, फिलिपीन्सची मुलं. शेजारच्या घरातली नूर नावाची इजिप्शियन मुलगी सायलीची मैत्रीण झाली. एके दिवशी दोघी अंगणात खेळत होत्या आणि नूरने काहीतरी फुशारकी मारली. सायलीने लगेच आजीची फणसाची म्हण काढली आणि तिला कळावी म्हणून शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितली. मी दारातून ऐकत होते. नूरने विचारलं, "व्हॉट इज अ जॅकफ्रूट?" सायलीने हातांनी आकार दाखवला, काटे दाखवले, आतले गरे दाखवले. नूर ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "ओके. यल्ला, युअर टर्न," आणि खेळ पुढे सुरू झाला. त्यानंतर सायलीने बाहेर कुणाला म्हण सांगितलेली मला आठवत नाही. घरातही हळूहळू बंद झाली. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या की घरी इंग्रजी बोललात तर तिला सोपं जाईल. त्या चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या. ह्यात कुणाचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. कुणाचं चुकलं असतं तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

त्याच सुमाराला इंग्रजी गाणी आली. आधी कॅसेट, मग सीडी, मग टीव्हीवरचं गाण्यांचं चॅनेल. दर शुक्रवारी आम्ही दोह्याला सामान आणायला जायचो, तेव्हा जाताना आणि येताना गाडीत तीच गाणी. सायली नुसते शब्द पाठ करायची नाही. गाणारी कुठे श्वास घेते, कुठे आवाज मुद्दाम फाटू देते, मागच्या बायका कधी सूर लावतात, सगळं तिच्या कानात बसलेलं असायचं. नूरकडून ऐकलेली अरबी गाणी तर एक अक्षर न कळता ती जशीच्या तशी म्हणायची. मला कौतुक वाटायचं, खरंच वाटायचं. तिची आजी अशीच तर होती. एकदा ऐकलं की विसरायची नाही.

आईचा फोन व्हायचा तेव्हा ती नातीला मागून घ्यायची. पलीकडून ठेक्यातलं काहीतरी ऐकू यायचं. सायली म्हणायची, "ओके आजी. यस आजी," आणि फोन मला परत द्यायची. आईने एकदा मला विचारलं, "चेडवाक माझा कळता मां गो?" मी म्हटलं, कळतं गं, बोलायला लाजते.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात आई दुखानला आली. विमानात पहिल्यांदाच बसली होती. सायली अकरा वर्षांची. दोघींचं प्रेम कमी नव्हतं. सायली तिला हाताला धरून समुद्रावर न्यायची, तिच्या पायांना तेल लावायची, तिच्याच खोलीत झोपायची. पण बोलणं माझ्यामार्फत. माझ्या घरात, माझ्या आईच्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये मी दुभाष्यासारखी उभी असायची.

एका शुक्रवारी दोह्याला जाताना पुढे अनिलशेजारी बसलेल्या सायलीने तिचं लाडकं गाणं लावलं. आई मागच्या सीटवर माझ्याशेजारी मन लावून ऐकत होती. कडवं तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिने विचारलं, "ही बाय काय म्हणता?"

मी सायलीला विचारलं. ती म्हणाली, "तो गेला. अँड शी मिसेस हिम. दॅट्स इट."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मगे ता एकदा सांगल्यान तरी समाजता. इतक्या फेरी कित्याक?" आणि त्यावर तिने एक म्हण जोडली, त्या गाणाऱ्या बाईला अशी काही चपखल बसणारी, की मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी आलं. आईही हसायला लागली. सायली मागे वळून आमच्याकडे बघत होती.

"व्हॉट? काय बोलली आजी? मम्मा, टेल मी!"

मी सांगायला लागले. आधी एक शब्द समजावला, मग त्या शब्दासाठी आणखी एक चालीरीत, मग ती म्हण कधी म्हणतात ते. माझं सांगून संपेपर्यंत दुसरं गाणं सुरू झालं होतं. सायली विचार करून म्हणाली, "बट दॅट्स नॉट फनी, मम्मा." मी म्हटलं, हो, तसं सांगितलं की नाही वाटत. आईने मला विचारलं नाही की पोरगी काय म्हणाली. ती बाहेर वाळूकडे बघत बसली.

आई परत गेली आणि दोन वर्षांनी तिला पॅरालिसिसचा झटका आला. गावी आईच्या शेजारच्या घरात माझा चुलतभाऊ राहतो. त्याची बायको शालन वहिनी. तिने आईला आधी कुडाळला, मग गोव्याला नेलं, आणि मला फोन केला. मी सायलीला अनिलजवळ ठेवून गेले. आईची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. ती माझ्याकडे बघून तोंड उघडायची, पण माझं नावसुद्धा बाहेर पडायचं नाही. पाणी हवं असलं तर 'पाणी' म्हणता यायचं नाही. घामाघूम व्हायची.

घरी आणल्यावर एका सकाळी वहिनीने पेज जास्त गरम दिली. आईने तोंड फिरवलं आणि एक अख्खी म्हण म्हणाली. स्पष्ट, पहिल्यासारखी, शेवटच्या खटक्यासकट. पेजेचा चमचा वहिनीच्या हातातून निसटला. आम्ही दोघी रडलो, हसलो, तिला आणखी बोल म्हणालो. पण साधा शब्द मागितला की पुन्हा काही नाही. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं. लहानपणापासून जे जसंच्या तसं पाठ असतं, ते कधी कधी शाबूत राहतं.

मग आईने तेवढ्यावरच संसार चालवला. विहिरीची म्हण आली की तिला पाणी हवं असायचं. म्हशीची आली की कूस बदलून द्यायची. वहिनीवर राग आला की सुनेची, आणि राग गेला की दुसऱ्या सुनेची. वहिनी म्हणायची, "काकी आता जितक्या बोलता तितक्या आधी कधी बोलाक नव्हती." मला सगळं कळायचं. माझी रजा संपली तेव्हा मी वहिनीच्या भरवशावर परत आले, आणि शाळेला सुट्टी लागताच सायलीला घेऊन पुन्हा गेले.

सायली तेरा वर्षांची झाली होती. ती तासन् तास आजीजवळ बसायची. एका कानातला इयरफोन आजीच्या कानात घालायची आणि दोघी मिळून तिची गाणी ऐकायच्या. एका दुपारी मी औषधं आणायला कुडाळला गेले होते. वहिनी गोठ्यात होती. परत आले तर सायली ओटीवर बसून रडत होती.

"शी वॉन्टेड समथिंग," ती म्हणाली. "माझा हात धरला आणि सेम सेंटेन्स, ओव्हर अँड ओव्हर. मी समजू नाही शकले."

"काय म्हणत होती? शब्द सांग."

"मीठ होतं त्यात. अँड हात. मग मी किचनमधून मीठ आणलं."

तिने आजीपुढे मिठाची बरणी धरली होती. आजीने बरणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. सायलीने चिमूटभर मीठ आजीच्या तळहातावर ठेवलं. आजीने मूठ मिटली, डोळे मिटले आणि मग ती बोललीच नाही.

मी आत गेले. आईच्या मुठीत मीठ ओलं झालं होतं. मी हात पुसला, तिला विचारलं, "आई, काय सांगत होतीस? मी इलंय. माका सांग." तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पण आतून काही सुरूच होईना. मी मिठाच्या मला येत होत्या तेवढ्या म्हणी एकेक करून तिच्यासमोर म्हटल्या. प्रत्येकीला तिने मान हलवली. नाही. नाही.

त्याच आठवड्यात तिला दुसरा झटका आला आणि ती गेली.

बाराव्याला आलेल्या म्हाताऱ्या बायकांना मी विचारलं. त्यांनी मिठाच्या कितीतरी सांगितल्या, हाताच्याही सांगितल्या. दोन्ही एकत्र असलेली कुणाला आठवेना. एकजण म्हणाली, चेडवाने चुकीचं ऐकलं असेल. असेलही. 'मीठ' नसेल, 'मिठी' असेल. किंवा आणखी काही, जे फक्त आईच्या माहेरी म्हणत असतील, आणि तिथलं आता कुणी उरलेलं नाही. सायली शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. आपल्याविषयी चाललंय एवढं तिला कळत होतं.

दुखानला परतल्यावर एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते. सायली ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मा, आय रिमेंबर हाऊ इट वेंट." मला वाटलं शब्द आठवले. पण तिने तोंड मिटून ते वाक्य नुसतं गुणगुणलं. कुठे चढलं, कुठे थांबलं, शेवटी कसं खाली आपटलं. हुबेहूब आई. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, आणि पुन्हा. त्या चालीत मी मला ठाऊक असलेलं सगळं बसवून पाहिलं. एक शब्द जास्त व्हायचा, नाहीतर कमी पडायचा. शेवटी सायलीच म्हणाली, "सॉरी, मम्मा." मी म्हटलं, अगं, सॉरी काय त्यात. तिला जवळ घेतलं. तिने आपल्याला येतं तेवढं सगळं केलं होतं.

माझ्यासारख्याच निघून आलेल्या, इथेच कतारमध्ये वक्राला किंवा अल खोरला राहणाऱ्या मैत्रिणींनो, आणि गावात मागे राहिलेल्यांनो, घर कुठलं असं मला लोक विचारतात. गावचं घर आहे, वहिनी झाडलोट करते. दुखानचं कंपनीचं आहे, नोकरी संपली की किल्ली परत द्यायची. पण मला घरात असल्यासारखं वाटतं ते शुक्रवारी सकाळी, वहिनीचा फोन चालू असतो तेवढाच वेळ. ती मधेच काकीची एखादी म्हण टाकते आणि मी इकडे हसते, कुणाला काही समजावून न सांगता. फोन ठेवला की एसीची घरघर पुन्हा ऐकू यायला लागते.

गेल्या शुक्रवारी वहिनी म्हणाली, "सायलीक दी जरा." आता सायली कॉलेजला जायच्या तयारीत आहे. तिने कानातले इयरफोन काढून फोन घेतला. पलीकडून वहिनीचा आवाज भरभर येत होता. "हो मामी," सायली म्हणाली. "हो. ओके मामी." मग फोन मला परत दिला.

"काय म्हणाली गं?"

"माहीत नाही," सायली म्हणाली. "पण हसत होती." आणि जरा वेळ ती तिथेच उभी राहिली, मी पुढे काही सांगेन म्हणून.